किल्लारीची माणसं झोपेमुळे मेली नाहीत

दर वर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की एक मेसेज मोबाईलवर फिरू लागतो. मजकूर साधारण असा: १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपतीचं विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपली होती, म्हणून किल्लारीच्या भूकंपात एवढे बळी गेले, जागी असती तर वाचली असती. कुत्री रात्रभर रडत होती, पण इशारा कुणी ओळखला नाही. वर्षभर आधी धक्के बसूनही लोक गाफील राहिले. आणि शेवटी दिलासा, की आता सगळीकडे स्लॅबची घरं झाली, तेव्हा काळजीचं कारण नाही.

मी किल्लारीजवळच्या सास्तूरकडच्या एका गावातली. तेव्हा शाळेत होते. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात हळहळच असेल, पण त्यातला दोष वाक्यागणिक मेलेल्यांच्या माथी जातो, आणि ते मला सोसत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी झोप. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तीव्रता सव्वासहाच्या आसपास. त्या वेळी गाव झोपलेलंच असतं, विसर्जन असो वा नसो. आमच्या घरात त्या रात्री एकच जण जागं होतं, माझी आजी. ती रोज तांबडं फुटायच्या कितीतरी आधी उठायची, चूल पेटवून पाणी तापत ठेवायची. ती चुलीपाशीच सापडली. उतरंडीच्या मडक्यांची खापरं तिच्या अंगाखाली होती आणि अंगावर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती. आम्ही पोरं मिरवणुकीत नाचून मेल्यासारखी झोपलो होतो, पण पुढच्या पडवीत, पत्र्याखाली. पत्रा वाकला, दोन वासे खाली आले, मला खोक पडली, आणि आम्ही वाचलो. आतल्या खोलीत माझी चुलती तिच्या तान्ह्याला घेऊन निजली होती. दोघं गेली. म्हणजे जागी असलेली आजी गेली आणि गाढ झोपलेली आम्ही राहिलो. फरक झोपेचा नव्हता, डोक्यावर काय होतं याचा होता.

माझ्या एका घरावरून कुणी पटवून घेऊ नये. पुढचं उदाहरण जगाला ठाऊक असलेलं आहे. किल्लारीनंतर चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. वेळ पहाटे ४ वाजून ३१ मिनिटं, तीव्रता ६.७, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा. तिथलीही माणसं झोपलेलीच होती. मृत्यू साधारण साठ. आपल्याकडे आठ ते दहा हजार. झोपेनं माणसं मरत असती तर हा हिशेब असा लागला नसता.

मग मारलं कशानं? घरांनी. आमच्या भागातली भिंत दोन-अडीच फूट जाड असायची आणि तिचा आम्हाला अभिमान होता. ती तोडलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला तिचं खरं रूप माहीत आहे. बाहेरच्या बाजूनं धोंड्यांचा एक थर, आतल्या बाजूनं दुसरा, आणि मध्ये दगडांचे तुकडे व माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे बंध दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. सांधायला चुना नाही, सिमेंट नाही, नुसता चिखल. जमीन हलली की दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि भिंत उभ्या जागी ढासळते. वर माळवद. लाकडावर माती, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी थोडी माती, असं आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. काही घरांवर मातीचा थर हातभराहून जाड झाला होता. भिंत गेल्यावर ते ओझं कुणावर पडणार? दार एकच, तेही वाकून जावं लागेल असं, आणि खिडकीच्या नावानं छतातलं उजेडाचं भोक. जागा असलेला माणूस तरी उंबऱ्यापर्यंत कसा पोचेल? दगडमातीपेक्षा जास्त माणसं धुळीनं गुदमरून गेली असं आमच्याकडे आजही सांगतात. वरून पाऊस लागला, ढिगारे भिजून जड झाले, आणि उपसणारे हात रिकामेच.

ज्यांच्याकडे दगडी घर बांधायची ऐपत नव्हती, त्यांच्या कुडाच्या आणि पाल्याच्या झोपड्यांत माणसं जास्त वाचली. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी छत कुठं कुठं अधांतरी टिकून राहिलं. भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनीही हेच टिपलं. जपानच्या कोबेला १९९५च्या जानेवारीत पहाटेच भूकंप झाला आणि सहा हजारांवर माणसं गेली. तिथंही सर्वांत जास्त मार खाल्ला तो जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांनी. कारण तेच, वर वजन आणि खाली बळ नाही.

“आजोबांचं घर शंभर वर्षं उभं होतं” हे वाक्यही या मेसेजमागून येतंच. त्या शंभर वर्षांत आमच्याकडे असा भूकंप झाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता कुत्री. विसर्जनाच्या रात्री हलग्या वाजत होत्या, माणसं उशिरापर्यंत रस्त्यावर होती. अशा रात्री कुत्री गप्प कधी बसतात? आमच्या गोठ्यातले बैल नेहमीसारखे रवंथ करत होते, पण ते कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही. मोठा आघात झाला की माणूस मागं वळून खुणा शोधतो. हे स्वाभाविक आहे, त्यात खोटेपणा नाही. पण त्यावरून भूकंप आधी कळतो असं म्हणता येत नाही. धक्क्याच्या पहिल्या हलक्या लहरी जनावरांना माणसाआधी जाणवू शकतात, मात्र तो अंतराचा खेळ असतो, सेकंदांचा. चीननं १९७५ साली हाइचेंगचा भूकंप ओळखून लोकांना घराबाहेर काढलं, त्यात मुख्य आधार आधी बसलेल्या लहान धक्क्यांचा होता. पुढच्याच वर्षी तांगशानला तसा इशारा मिळाला नाही आणि सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसं गेली.

गाफीलपणाचा आरोप तर मला सर्वांत जास्त झोंबतो. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते, १८ ऑक्टोबरचा त्यातला मोठा. लोक घाबरले, अंगणात आणि रानात झोपले, गाव हलवा म्हणून मागणी झाली. यापेक्षा सावधपणा म्हणजे काय? पुढं धक्के थांबले. पाऊस सुरू झाल्यावर लेकराबाळांना घेऊन उघड्यावर किती दिवस झोपणार? आणि त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गवंड्याला कुणी सांगितलं नव्हतं की भिंतीत बंध दगड घाल, वरची माती उतरव. जे नकाशा काढणाऱ्यांना माहीत नव्हतं, ते आमच्या आजीनं ओळखायला हवं होतं का?

राहिला स्लॅबचा दिलासा, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. २६ जानेवारी २००१ला, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेवर माणसं गेली. ती वेळ काही गाढ झोपेची नव्हती. खाली गाड्या लावायला मोकळी जागा, नुसते खांब, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतींनी त्यात फार मार खाल्ला. तशा इमारती आज लातूर, सोलापूर, पुणे, कुठंही बघा.

किल्लारीनंतर सरकारनं बावन्न गावं नव्या जागी वसवली आणि आणखी कितीतरी गावांतली घरं मजबूत करण्याचं काम झालं: बंध दगड घालणं, दारांच्या वरच्या पातळीला भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवणं, माळवदाची माती कमी करणं. हे महाग नाही आणि अवघडही नाही. पण त्या नव्या गावांतच मी आता पाहते, कुटुंब वाढलं म्हणून मूळ खोलीवर अभियंत्याला न विचारता मजले चढलेत. शेजारच्या तालुक्यांत लोक अजून माळवदाखाली झोपतात. तुमचं घर तसं असेल तर या उन्हाळ्यात आधी वरची माती उतरवून घ्या, आणि गवंड्याला भिंत उघडून बंध दगड आहेत का ते दाखवायला सांगा.