मॅकची प्रणाली सर्वांना खुली केली असती तर?

सांगलीतील संगणक विक्रेत्यांच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. अ‍ॅपलने आपल्या मॅक संगणकांची मॅकओएस ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) कोणत्याही कंपनीच्या संगणकावर चालू दिली तर विंडोजचा बाजार उठेल, त्यात तांत्रिक अडचण काहीच नाही, कंपनी केवळ अहंकारापोटी अडून बसली आहे आणि विकत घेतलेली प्रत कुठेही टाकण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यात ठासून म्हटले आहे.

बाजाराचा दावा आधी पाहू, कारण तो प्रयोग होऊन गेलेला आहे. 1995 पासून पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्या अ‍ॅपलच्या परवान्यावर मॅकसारखे संगणक विकू लागल्या. त्या विंडोजचे गिऱ्हाईक फोडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी अ‍ॅपलचेच, तेही महागडी यंत्रे घेणारे गिऱ्हाईक कमी किमतीत ओढले आणि यंत्रामागे बुडालेला नफा परवान्याच्या तुटपुंज्या शुल्कातून भरून निघेना. 1997 च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलला सुमारे 100 कोटी डॉलरचा तोटा झाला. तो सगळा परवान्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, पण अशा अवस्थेत ही गळती चालू ठेवणे परवडणारे नव्हते. सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स अ‍ॅपलमध्ये परतल्यावर प्रणालीची नवी आवृत्ती मॅक ओएस 8 या नावाने आली, सिस्टिम 7 या आधीच्या आवृत्तीपुरते असलेले करार त्यामुळे निरुपयोगी झाले आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकविषयक व्यवसाय अ‍ॅपलने 10 कोटी डॉलरला घेतला. याला अहंकार म्हणणे मला पटत नाही. बिल गेट्स यांनी परवाने देण्याचा सल्ला 1985 मध्येच दिला होता. तेव्हा तो मानला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

तांत्रिक अडचण नाही, हे म्हणणेही अर्धवट आहे. इंटेलची चिप असलेल्या साध्या लॅपटॉपवर मॅकओएस चढवता येते, हे विश्रामबागेतील दुरुस्तीवाल्यांनाही ठाऊक आहे; पण 2023 च्या सोनोमा आवृत्तीने ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय कार्डांचा आधार काढताच अशा अनेक यंत्रांचे वाय-फाय बंद पडले आणि ते चालू करण्यासाठी प्रणालीतच पॅच (दुरुस्तीचे तुकडे) मारावे लागले. शिवाय 2020 पासून अ‍ॅपल स्वतःच्या चिपकडे वळली असून टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे तिने जाहीर केले आहे, म्हणजे इंटेलच्या साध्या यंत्रांचा हा मार्गही पुढे बंद होतो.

हक्काचा मुद्दा अमेरिकेत न्यायालयात लढून झाला आहे. सायस्टार ही कंपनी मॅक ओएस घातलेले पीसी विकत होती. 2009 मध्ये न्यायालयाने तिला कायमची मनाई केली. शिवाय 2013 पासून ही प्रणाली मॅकधारकांना फुकट मिळते, ती सुटी विकलीच जात नाही. त्यामुळे संदेशातली ‘विकत घेतलेली प्रत’ आज कोणत्याही दुकानात मिळत नाही.