'दुःखाचं दुकान' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'रविवारची पोटदुखी' या लेखात मी म्हटलं होतं, की आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलांच्या मनाला त्यांचे सण, नाचगाणी आणि तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) यांचा आधार लागतो. त्या लेखाखाली आलेली एक प्रतिक्रिया चार दिवस डोक्यातून जात नाहीये. तिथेच दोन ओळींत आटपणार होते, जमलं नाही.

गृहस्थांनी सुरुवात "ताई" अशी केली आहे आणि शेवट "बाई, हे दुःखाचं दुकान आता बंद करा" असा. मधलं म्हणणं थोडक्यात असं : आश्रमशाळेतल्या मुलांना पोटभर जेवण, कडी लागणारा संडास आणि शिकलेला समुपदेशक हवा, तारपा नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूलनिवासी तरुणांच्या आत्महत्यांवर झालेल्या ज्या अभ्यासाचा मी दाखला दिला, तो नाचगाण्यांबद्दल नव्हताच. आणि आश्रमशाळेत गृहपाल नसतो, अधीक्षक असतो.

शेवटचं आधी घेते. बरोबर आहे, गृहपाल वसतिगृहात असतो. चूक झाली की मी मान्य करते, जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे.

पण दुकान? दुकानात काहीतरी विकतात, साहेब. मी काय विकलं? माझे वडील मोखाड्याला मास्तर होते. वारली, कोकणा, कातकरी पोरांच्या मांडीला मांडी लावून मी बाराखडी शिकले. पुढे जव्हार तालुक्यात अकरा वर्षं शिकवलं. गुरं राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणावर नेणाऱ्या कोसबाडच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनाही तुमच्यासारख्या कुणीतरी दुकानदार म्हटलं असेल. (त्यांच्याशी बरोबरी करत नाहीये, उगाच ते धरून बसू नका.) तुम्ही कुठे बसून लिहिलंत मला माहीत नाही. रात्री पावणेदोनला लिहिलंत, एवढं दिसतं.

त्या लेखातली मुलगी सहावीत होती. रविवारी आईबाप भेटायला यायचे, साडेचारला एसटी धरायला उठायचे, आणि पाचला हिचं पोट दुखायला लागायचं. आरोग्य केंद्रात जंताची गोळी मिळायची. शाळेत "नाटकं" हा शब्द मिळायचा. ती कधी उदास आहे म्हणाली नाही. "करमत नाही" म्हणायची, तेही तिच्या बोलीत, आणि वर्ग हसायचा.

एकदा वर्गात मानसिक आरोग्याची छापील प्रश्नावली आली. 'तुला उदास वाटते का? कधीच नाही / कधीकधी / नेहमी.' हिने शेजारणीच्या कागदात डोकावून पाहिलं. मग मला हळूच विचारलं, बाई, बरोबर कोणतं? कागद तासाभरात गोळा करून द्यायचे होते. मी म्हटलं, पहिल्यावर खूण कर. हे लेखात लिहिलं नव्हतं, आज लिहिते. सगळ्या वर्गाने पहिल्यावरच खूण केली. तेव्हा समुपदेशक आणा जरूर, पण त्याने कुठल्या भाषेत विचारायचं तेही सांगा.

होळीला चाचणी परीक्षा म्हणून तिला सोडलं नाही. ती पळाली. रात्रीची, पाड्यापर्यंत चालत. हजेरीपटावर दोन दिवस 'गै'. परत आली तेव्हा केसांत राख होती आणि ती चक्क हसत होती. पुढचे तीन रविवार पोट दुखलं नाही. योगायोग म्हणा. मी तिथे होते, तुम्ही नव्हतात.

जेवणाला आणि संडासाला कोण नको म्हणतंय? राज्यात आश्रमशाळांची योजना १९७२-७३ पासून आहे, इतक्या वर्षांत ते व्हायला हवं होतं, विषय संपला.

राहिला कॅनडा. मायकेल चँडलर आणि क्रिस्तोफर ललोंद यांचा त्या अभ्यासावरचा १९९८ चा लेख मी वाचला आहे. वस्तीने आपली संस्कृती आणि कारभार किती आपल्या हातात ठेवलाय, ते मोजायला सहा निकष होते : जमिनीचे दावे, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक कामासाठी जागा. ज्या वस्त्यांत सहाही होते, तिथे अभ्यासाच्या पाच वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. म्हणजे जमीन आणि सत्ता त्यांच्या हातात असण्याचा हा मामला आहे, असं तुमचं म्हणणं. असेल. पण सहावा निकष तर माझाच आहे ना? उरलेल्या पाचांवर सवडीने लिहीन.

पुन्हा लिहिलंत तर छापीन. फक्त ताई म्हणायचं की बाई, ते एकदा ठरवा. आणि गृहपालचं अधीक्षक कालच केलंय, बघून घ्या.