दाट केसांच्या अंबाड्याचा आकडा (यू पिन) नुसता लांब नको, जाड आणि रुंद हवा

केस जास्त आहेत हा प्रॉब्लेम आहे असं मला कुणी म्हटलं ना की मी आता सरळ विचारते, प्रॉब्लेम केसांचा का पिनेचा? आमच्या सोलापुरात नव्या पेठेत जा, मधल्या मारुतीला जा, कुठल्याही कटलरीच्या दुकानात जाऊन म्हणा भाऊ मोठ्या अंबाड्यासाठी पिन द्या, तो आधी काळ्या पिनांचं पाकीट पुढे करतो, नाही म्हटलं की तीच पिन जरा लांब असलेली काढतो, तरी नाही म्हटलं की खड्यांची दाखवतो. आणि पार्लरमध्ये गेलं की "ताई थोडं थिनिंग करून घ्या ना, मॅनेज होईल" हे ठरलेलंच. म्हणजे पिन आहे तशीच राहणार, केस कापायचे. मला हे अजिबात पटत नाही आणि माझं शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा, घरचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या स्पेअर पार्टचं छोटं वर्कशॉप, त्यामुळे मला हा विषय सोडून देववतही नाही. पोस्ट लांब आहे पण दाट केसवाल्यांनी पूर्ण वाचा.

आधी वजन बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, एका केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. मधली ०.०७ धरली आणि लांबी कमरेपर्यंत म्हणजे ९० सेंटीमीटर धरली तर सगळे मिळून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास जातात. आता सगळेच केस टोकापर्यंत पोचत नाहीत म्हणून अर्धं धरा, तरी सव्वादोनशे ग्रॅम झालं. न्हाऊन आल्यावर त्यात पाण्याचं वजन वेगळं, केस स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी पितात आणि फुगतातही. आणि हे वजन मानेला चिकटून बसत नाही, अंबाडा चार बोटं बाहेर येतो, त्यामुळे खाली वाकलं, जिना चढलं, रिक्षा खड्ड्यातून गेली की तो मागे आणि खाली ओढतो. एवढं सगळं धरायला आपण काय लावतो तर काळी चपटी पिन.

ही चपटी पिन कुणासाठी निघाली ते ऐका. अमेरिकेत १९२०च्या दशकात बायकांनी बॉब कट केला, कानापर्यंतचे आखूड केस, त्यातल्या बटा जागेवर ठेवायला ही पिन चालायला लागली, म्हणून तर तिला बॉबी पिन म्हणतात. एक पाय सरळ, एक पाय नागमोडी, मधे थोडेसेच केस दाबून धरायचे. त्या कामाला ती उत्तम आहे, मी तिला वाईट म्हणत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी आखूड केसांसाठी निघालेली वस्तू आपण गुडघ्यापर्यंत केस असलेल्या बाईच्या हातात देतोय आणि वर तिलाच म्हणतोय तुझे केस राहत नाहीत.

बरं कंपन्या काय करतात, मोठ्या केसांसाठी म्हणून तीच पिन लांब करतात. इथे खरी गडबड आहे. पट्टीची जाडी तीच ठेवून लांबी वाढवली तर दाब लांबीच्या घनाच्या हिशोबात कमी होतो, म्हणजे लांबी दुप्पट तर दाब आठवा हिस्सा. ५ सेंटीमीटरची पिन ७ सेंटीमीटरची केली, म्हणजे १.४ पट, तर तेवढ्याच फाकीला टोकाचा दाब जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. म्हणजे ज्या बाईला जास्त दाब पाहिजे तिला कमी दाबाची पिन मिळाली, आणि ती पैसे जास्त देऊन घेते! लांबी वाढवली तर जाडीही त्याच पटीत वाढवायला पाहिजे, एवढं साधं गणित आहे, पण जाड पट्टी म्हणजे जास्त पोलाद म्हणजे जास्त खर्च. शिवाय आपण त्यात केस कोंबतो तेव्हा ती स्प्रिंगच्या मर्यादेबाहेर फाकते आणि परत मिटतच नाही, कायमची सैल होते, टोकाचा प्लास्टिकचा थेंब निघतो आणि उघडं टोक डोक्याला टोचायला लागतं. प्रत्येक घरात ड्रेसिंग टेबलच्या ड्रॉवरमध्ये अशा फाकलेल्या पिनांचा ढीग असतो बघा.

मला याचं उत्तर आमच्या शेजारच्या अक्कांकडे मिळालं. अक्का पद्मशाली समाजातल्या, वय साठीच्या पुढे, आयुष्यभर विड्या वळल्या, अजून वळतात. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसायचं, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हे दिवसभर. केस अजून कमरेखाली, खोबरेल लावलेले, म्हणजे आणखी निसरडे, आणि अंबाडा सकाळी घातलेला संध्याकाळी जिथल्या तिथे. मी मागे बसून बघितलं. साधे दोन जुने यू आकडे, जाड तारेचे, काळे पडलेले. आकडा घेतला, टोकं डोक्याकडे करून लगेच खुपसला नाही, तर उलटा धरला, टोकं बाहेरच्या बाजूला, अंबाड्याच्या कडेची एक बट त्या दोन पायांवर उचलली, मग आकडा तसाच उलथून टोकं आत वळवली, डोक्यालगतच्या केसांच्या खालून घातली आणि अंबाड्याच्या मध्याकडे ढकलून दिला. दुसरा समोरच्या बाजूने तसाच. मी म्हटलं अक्का एवढ्याने कसं काय राहतं, तर म्हणाल्या, "दाबून धरायला कशाला बघतेस गं, केसांनाच पिन धरू दे की."

यातच सगळी डिझाईन आहे. चपटी पिन केसांना चिमटीत पकडते आणि चिमटीचा जोर वरच्या थरालाच पोचतो, आतले केस एकमेकांवरून घसरत राहतात. यू आकडा चिमटा घेतच नाही. तो अंबाड्याच्या कडेवरून, मग डोक्यालगतच्या केसांखालून, मग परत वरून असा जातो. अंबाडा बाहेर ओढायला लागला की आकडा तिरका व्हायला बघतो, पण डोक्यालगतचे केस त्याला तिरका होऊ देत नाहीत, उलट आणखी घट्ट बसतो. म्हणजे केस जेवढे जास्त तेवढी पकड जास्त! दाट केस हे इथे आकड्याच्या बाजूने काम करतात. केसावरचे खवले मुळाकडून टोकाकडे कौलासारखे बसलेले असतात, उलट्या दिशेने बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, तोही अडसर आकड्याला मिळतो.

मग मी वर्कशॉपमध्ये बसले. मटेरियल म्हणून सायकलच्या चाकाची तार घेतली, १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर. ही तार थंड ओढलेली असते, म्हणून कडक आणि लवचिक दोन्ही, फक्त ती वाकवताना तापवायची नाही, तापवली की नरम पडते. दोन्हीकडची टोकं कापली की २८ सेंटीमीटरच्या आसपास उरते, त्यात साडेअकरा सेंटीमीटरचे दोन पाय आणि वर ३ सेंटीमीटर रुंदीची कमान होते. ३ सेंटीमीटरची कमान पाहिजे असेल तर थोड्या बारीक रॉडवर वाकवायची, कारण सोडली की तार जरा उघडते. पायांच्या मधल्या भागात हलक्या तीन लाटा दिल्या, शेवटचे तीन सेंटीमीटर सरळ ठेवले म्हणजे आत जाताना अडत नाही. टोकाशी पाय थोडे बाहेर फाकवले. पूर्ण आकड्याला डोक्याच्या गोलाईचा किंचित बाक दिला, हा बाक नसेल तर टोकं एकतर डोक्याला टोचतात नाहीतर अंबाड्यातून बाहेर निघतात. टोकं आधी कानशीने गोल केली, मग पॉलिश पेपरने घासली, गालावरून फिरवून बघितली. टोकावर काही लावायचं नाही, जे लावतो ते निघतं आणि निघाल्यावर कड राहते. निकेलचं प्लेटिंग तर नकोच, बऱ्याच जणींना त्याची ॲलर्जी असते आणि उन्हाळ्यात घाम आला की मानेला खाज सुटते.

माझा अख्खा अंबाडा असल्या दोन आकड्यांवर राहतो. मे महिन्यात, ४३ डिग्रीत, भट्टीजवळ.

क्लचरबद्दल विचारणार हे माहितीये. तो गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्ये निघाला आणि कल्पना चांगली आहे, पण दाते समोरासमोर येऊन एकमेकांत अडकले तरच त्याची खरी पकड, अंबाडा मोठा असला की दाते भेटतच नाहीत, सगळा भार बारक्या स्प्रिंगवर आणि बिजागरीवर, ती तुटते. आणि त्याला टेकून बसता येत नाही, एसटीत मान वाकडी करून बसावं लागतं.

आता माझं मुख्य म्हणणं. बांगडी घ्यायला गेलं की दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं माप सांगतो, दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर चार सोळांश, इतकं बारीक माप आपल्या बाजारात पिढ्यानपिढ्या चालतं. मग आकड्याला माप का नाही? पाकिटावर तारेची जाडी, पायाची लांबी, कमानीची रुंदी छापायला काय हरकत आहे? बाईने घरी टेपने अंबाड्याची रुंदी मोजावी, त्याच्यापेक्षा दोन बोटं लांब पायाचा आकडा मागावा, एवढं सोपं होऊ शकतं. हडप्पा, मोहेंजोदडोला हाडाच्या, हस्तिदंताच्या, तांब्याच्या केसांच्या पिना सापडल्यात, म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी वस्तू आहे ही, तिला अजून साधं माप नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे नटण्यामुरडण्याचं नाही हो. सोलापुरात किती बायका कांडी भरतात म्हणजे मागाच्या कांडीवर सूत गुंडाळतात, वार्पिंगला म्हणजे ताण्याचं सूत लावायला, टॉवेलच्या कारखान्यात, युनिफॉर्मच्या शिलाईला काम करतात. फिरणाऱ्या शाफ्टजवळ, पुलीजवळ सुटलेली वेणी म्हणजे जिवाशी खेळ आहे, केस ओढले गेले तर डोक्याची कातडी निघून येऊ शकते. तिथे अंबाडा आठ तास टिकलाच पाहिजे. तो टिकत नाही म्हणून बायका रबर करकचून बांधतात, मग संध्याकाळी डोकं दुखतं, आणि वर्षानुवर्षं अशी ओढ बसली की कपाळाजवळचे आणि कानामागचे केस विरळ होत जातात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. वेळेत ओढ थांबवली तर केस परत येतात, नाहीतर मुळंच मरतात. बरोबर आकडा असेल तर रबर इतकं घट्ट लागतच नाही.

तार वाकवणारे हात आपल्या एमआयडीसीत भरपूर आहेत, लूमचे हुक, स्प्रिंगा रोज वाकवतात. कुणी तीन मापांचे आकडे काढले तर पहिली गिऱ्हाईक मी, आणि मापं, नमुने सगळं फुकट देते, या आणि घेऊन जा.

एक गोष्ट अजून जमवायचीये, हेल्मेट. अंबाडा मानेवर खाली घातला तरी साडेअकराचा आकडा हेल्मेटच्या मागच्या कडेला लागतो, आणि हेल्मेट नीट न बसवणं हा पर्याय नाही. आता पाय ८ सेंटीमीटरचे आणि कमान ४ची करून, अंबाडा गोल न घालता आडवा चपटा घालून, बाजूने दोन आकडे असं बघतेय. कुणी रोज गाडीवर जात असेल आणि केस दाट असतील तर सांगा, एक जोडी वापरायला देते, फक्त कुठे टोचतं आणि किती वेळाने सैल होतं ते मला नीट कळवायचं.