लाडू बसून खायचा

काल रात्री साडेअकराला चकलीचा शेवटचा घाणा काढला. पायांचे तुकडे पडलेले, केसांना तळणीचा वास, सोऱ्या धुवायचा तसाच राहिलेला. तेवढ्यात एका मैत्रिणीचा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आला : 'दिवाळीत हे १० पदार्थ टाळा'. बाई गं, दहाच्या दहा आत्ता माझ्या ओट्यावर निवत पडलेत. मीच केलेत.

म्हणून हे लिहायला बसले. वैताग आहेच, पण गेल्या वर्षी जरा अद्दलही घडली आहे.

गेल्या दिवाळीनंतर महिनाभराने रक्त तपासलं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेच्या सरासरीचा आकडा, ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण तो उंबऱ्यावर चप्पल काढतोय. मिरजेच्या आहारतज्ज्ञ बाईंपुढे मी ठासून सांगितलं, "मॅडम, मी दिवाळीत काही खाल्लंच नाही हो!" आणि ते मला खरंच वाटत होतं. चार दिवसांत एकदाही मी स्वतःसाठी ताटलीत फराळ वाढून घेतला नव्हता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा. चाखलेलंसुद्धा."

नेमकं तेव्हा घरात पाहुण्यांसाठी लाडू-चिवडा करायचा होता. ती वही अजून माझ्याकडे आहे. बेसन भाजलं का बघायला चमचा. साखर पुरली का बघायला आणखी एक. चिवड्याचं मीठ बघायला मूठभर, मग मीठ कमी वाटलं म्हणून दुसरी मूठ. लेकाने अर्धा टाकलेला लाडू. वळताना फुटलेला एक, तो कुणाला द्यायचा? सोबत पाच वेळा चहा, साखरेचा. वहीभर एवढं सगळं, आणि सगळं उभ्याने.

(करंज्यांबद्दल तर बोलायलाच नको. फुटक्या करंज्या घरच्या बाईच्या, हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आमच्याकडे तीन पिढ्या कडक पाळला जातोय.)

मग मी आमच्या लाडवाचा हिशोब मांडला. १ किलो बेसन, अर्धा किलो तूप, ७५० ग्रॅम पिठीसाखर, लाडू ५०. म्हणजे एका लाडवात १० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम साखर आणि सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीड लाडवात ती जवळपास संपली. आणि मी तर 'काही खाल्लंच नव्हतं'.

माझं म्हणणं एवढंच आहे : लाडू सोडू नका, लाडू बसून खा. ताटलीत घ्या, मोबाईल लांब ठेवा, पहिला घास जिभेवर विरघळू द्या. वेलदोडा लागतोय का बघा, बेसन खमंग भाजलंय का बघा. चार तास खपून केलेली वस्तू चार सेकंदांत गिळायची, हा आपल्याच कष्टांचा अपमान नाही का? पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात म्हणे. उभ्याने खाणाऱ्या बाईला तेवढा वेळ असतो कुठे? (ज्यांची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, माझं नाही.)

माझं माहेर तासगावकडचं. लहानपणी दिवाळीला रेशनवर जादा साखर मिळायची, त्याच्या रांगेत मीही उभी राहिले आहे. आई फराळाचा पत्र्याचा डबा माळ्यावर ठेवायची आणि मोजून हातावर द्यायची. चकली वर्षातून एकदा दिसायची, त्यामुळे एकेक कडं मोडून पुरवून खायचो. आता सांगलीत, विश्रामबागेत, पाच मिनिटं चालले की बारा महिने चकली मिळते, भडंगाचा पुडा तर घरात उघडाच असतो. अपूर्वाई गेली, घाणे मात्र तेवढेच राहिले. यंदा मी सगळं निम्मं केलंय. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं झालं, माझंपण मनगट दुखत होतं." मग एवढी वर्षं बोलल्या का नाहीत, कोण जाणे!

आता बाजारात 'शुगरफ्री' म्हणून खजूर-गुळाचे, बेदाण्याचे लाडू येतात. माझी एक जाऊ ते चार-चार खाते, औषध घेतल्यासारखे. गुळातही साखरच असते, आणि बेदाण्याचा निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. आमच्या तासगावचा आहे म्हणून तो काही सवलत देत नाही. तसंच दिवाळीनंतर दोन दिवस नुसत्या ताकावर राहायचं खूळ. मी केलंय ते. तिसऱ्या दिवशी दुपारी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन बसले होते, एवढंच सांगते.

आणि आग्रह! भाऊबीजेला भावाकडे गेले की, "खा की गं आक्का, वर्षाचा सण हाय." नको म्हटलं तर वहिनीचं तोंड उतरतं. गेल्या वर्षीपर्यंत मी मुकाट खायचे. आता सांगते, "एकच दे, पण तू माझ्याशेजारी बसून खा." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती चक्क गोंधळली. हात पुसत पुसत टेकली आणि पाच मिनिटांत दोनदा उठायला गेली, एकदा गॅस बघायला, एकदा काही कारण नसताना.

फराळाइतकंच मला ते पहाटेचं अभ्यंगस्नानही डाचतं. चार वाजता उठून पाणी तापवायचं, तेल कोमट करायचं, उटणं कालवायचं, एकेकाची पाठ चोळायची. मग आपली आंघोळ सगळ्यांच्या मागून, घाईघाईत, गीझरमधलं पाणी संपत आलेलं असताना. स्वतःची काळजी घ्या म्हणून हल्ली जो तो सांगतो. आपल्याकडे त्यासाठी वर्षातली एक अख्खी पहाट राखून ठेवलेली आहे, फक्त घरातल्या एका माणसाला त्यातून वगळलंय.

यंदा लेकीला सांगून ठेवलंय, पहिली आंघोळ माझी, तेल तू लावायचंस. ती म्हणाली, "चार वाजता?" म्हटलं, हो, चार वाजता. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग चहा कोण करणार?"

आधण किती ठेवायचं ते सकाळीच त्यांना दाखवलंय.