लंडन रिकामं केलं नव्हतं, दोन-दोन मिनिटं अडवलं होतं

काल रात्री साडेअकराला आत्याने घरच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांतला अभिनेता किलियन मर्फी ओसाड वेस्टमिन्स्टर पुलावरून चाललाय. खाली मजकूर: "२००२ च्या पिक्चरमध्ये कोरोना! सरकारने लंडन रिकामं करून रंगीत तालीम घेतली. हरवलेल्यांची भिंत बघा, ९/११ सुद्धा आधीच ठाऊक होतं. जागे व्हा, मुलांना लशी देऊ नका."

सकाळी धाकट्या बहिणीचा फोन. "अरे, बाळाचा गोवराचा डोस बुधवारी आहे. थांबू का?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर अशा फॉरवर्डांना मी अंगठाही दाखवत नाही.

पिक्चरचं नाव '२८ डेज लेटर', विषाणूने ओसाड झालेल्या ब्रिटनची गोष्ट. आधी लंडन. एवढं शहर 'रिकामं' करायला कुणी कर्फ्यू लावला नव्हता. ते प्रसंग २००१ च्या उन्हाळ्यात चित्रित झाले. जुलैत तिकडे पाचच्या आसपास सूर्य उगवतो आणि शहर अजून पेंगत असतं. त्या वेळी रस्त्याचा एकेक तुकडा एक-दोन मिनिटं अडवायचा, शॉट घ्यायचा, गाड्या सोडायच्या, पुन्हा अडवायचा. गाड्या थांबवायला दिग्दर्शक डॅनी बॉयलने तरुण मुलींना उभं केलं होतं, त्यात त्याची स्वतःची मुलगीही होती. चालक मुलींवर कमी खेकसतील, हा हिशेब त्यानेच नंतर सांगितलाय. ही जागतिक कटाची यंत्रणा! व्हाइटहॉलमधली उलटी पडलेली डबलडेकर बस ठेवून, चित्रित करून, उचलून न्यायला वीसेक मिनिटं लागली. यापेक्षा जास्त वेळ आमच्या चौकात गणपतीचा मांडव रस्ता अडवतो.

आणि एवढ्या कमी वेळात हे जमलं कसं? कॅमेऱ्यामुळे. छायालेखक अँथनी डॉड मँटलने बहुतेक पिक्चर कॅनन एक्सएल-वन या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर घेतला. फिल्मचा अवजड कॅमेरा मांडेपर्यंत रहदारी सुरू झाली असती. हे कॅमेरे मात्र एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लावता येत. क्लिप धुरकट दिसते ती त्यामुळेच, कुणी 'गुप्त चित्रण' केल्यामुळे नाही. बॉयल आणि मँटल हीच जोडी पुढे 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी असेच छोटे कॅमेरे घेऊन मुंबईत आली आणि मँटलला त्याचं ऑस्कर मिळालं. धारावीसुद्धा तालमीसाठी रिकामी केली होती का, तेही विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. प्रशासनाची परवानगी होती, आणि मोटारवेवरच्या, म्हणजे द्रुतगती महामार्गावरच्या प्रसंगासाठी पोलिसांनी वाहनं हळू सोडली होती. म्हणजे 'सरकारची मदत' होती. तशी ती कुठल्याही मराठी मालिकेला रस्त्यावर शूटिंग करताना लागते.

आता ती भिंत, म्हणजे हरवलेल्या माणसांची पत्रकं चिकटवलेली जागा, थोडक्यात. ते दृश्य ९/११ च्या आधी घेतलेलं. कल्पना आली ती चीनमधल्या भूकंपानंतर लावलेल्या हरवलेल्यांच्या पत्रकांवरून. आपत्तीनंतर माणसं सगळीकडे तेच करतात, त्याला भविष्य कळावं लागत नाही. रोगाच्या भीतीचंही तसंच. त्याच २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ होती, ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

आता 'कोरोना'. पिक्चरमधला विषाणू रक्तातून आणि चाव्यातून पसरतो आणि वीसेक सेकंदांत माणूस पिसाळतो. खोकला नाही, ताप नाही, चौदा दिवसांचं विलगीकरण नाही. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून चिंपांझी सोडवायला गेलेल्यांमुळे तो बाहेर पडतो. प्रयोगशाळा आली की झाला कोरोना?

राहिली लस. आत्या, अख्ख्या पिक्चरमध्ये लस नाही. कुणी टोचत नाही, कुणी टोचून घेत नाही, लशीमुळे कुणी मरत नाही. बाधित शेवटी मरतात ते उपासमारीने. मग 'लशी देऊ नका' हे या क्लिपमधून कुठून निघालं? ते वाक्य कुणीतरी तळाला चिकटवलंय, आणि ग्रुपवरच्या अठ्ठावीस जणांपैकी ते खरं मानून फोन केला तो नेमका ज्या घरात नऊ महिन्यांचं बाळ आहे तिथून.

बहिणीला सांगितलंय, डोस बुधवारीच. सकाळी दहाला मी गाडी घेऊन येतोय.