घरीच केलंय, बरं का!

काय बनवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी वाक्य पाठ करा: "विकत नाही घेतलं हो, घरीच केलंय." पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देता देता, विषय क्रिकेटचा किंवा कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा चालू असताना, हे वाक्य आपसूक निसटल्यासारखं आलं पाहिजे. फार लवकर म्हणालात तर पाहुण्याला वाटेल, एवढ्यासाठीच बोलावलं. फार उशीर केलात तर तोवर तो तुम्ही केलेल्या स्टुलावर बसलेला असेल आणि सांगायची वेळ निघून गेलेली असेल.

सुरुवात पुस्तकांच्या रॅकपासून करावी. सगळे तिथूनच करतात. अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ बघायचा. त्यातल्या दाढीवाल्या गृहस्थाची कार्यशाळा तुमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठी असते, लाकूड त्याच्या हाताखाली श्रीखंडासारखं कापलं जातं, आणि त्या अकरा मिनिटांत तो एकदाही "मेजरटेप कुणी उचलली?" म्हणून घर डोक्यावर घेत नाही. हे सगळं बघून तुमच्या मनात जे उसळून येतं त्याला आत्मविश्वास म्हणतात. तो ओसरायच्या आत खरेदीला निघा.

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा. दुकानदार विचारेल, "मरीन देऊ की कमर्शियल?" इथे गडबडायचं नाही. मरीन म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लाय. त्याचा डिंक सुटतो का ते बघायला नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. कमर्शियलला तसली परीक्षा नाही. त्याने कोरड्यात राहावं एवढीच अपेक्षा असते. तुम्ही दोन्हींचे भाव ऐका, "पाण्याशी कुठे संबंध येणारे आपला" असं स्वतःशीच म्हणा आणि कमर्शियल घ्या. मग तो रॅक बाथरूमच्या दाराशेजारच्या भिंतीला लावा, कारण घरात मोकळी भिंत तेवढीच आहे. जुलै उजाडला की खालची कड फुगून अनारशासारखी जाळीदार होते. कुणी बोट दाखवलंच तर म्हणायचं, "नैसर्गिक मटेरियल आहे, श्वास घेतं ते."

आता कापणं. इथे जरा रेंगाळू या, कारण खरा अभिमान इथेच जन्माला येतो. तुमच्याकडे आठ फुटी पट्टी आहे आणि दोन फुटांच्या चार फळ्या हव्यात. आठ भागिले चार बरोबर दोन. तिसरीतलं पोर सांगेल. तुम्ही पेन्सिलने दोन फुटांवर रेघ मारता, कापता, उरलेल्यावर पुन्हा दोन फूट मोजता, पुन्हा कापता. पहिल्या तीन फळ्या सुरेख निघतात. चौथी दोन्ही बाजूंच्या आधारांमध्ये ठेवायला जाता तर ती सरळ खाली येते, पायाच्या अंगठ्यावर. झालेलं असं असतं की प्रत्येक कापाला पातं स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खातं, साधारण एक सूत. आठ सुतांचा इंच. तीन काप म्हणजे तीन सूत गेले, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर भुसा होऊन तुमच्या बाल्कनीत पडलाय. मिस्त्री लोकांना हे माहीत असतं. ते रेघेच्या कुठल्या अंगाने कापायचं तेही ठरवून ठेवतात आणि पेन्सिल कानावर खोचून निवांत बिडी ओढतात. तुम्ही मात्र इंजिनिअर आहात. तुम्ही लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची तीन पदरी घडी करून त्या फटीत कोंबता. अंगठा सुजला असेल तर त्याचा फोटो जरूर काढा. रॅकच्या फोटोबरोबर टाकला की लोक रॅककडे निरखून बघत नाहीत.

फेविकॉल लावल्यावर सांधा रात्रभर आवळून ठेवावा लागतो. त्यासाठी क्लॅम्प मिळतात, पण ते नेहमी लागतात त्यापेक्षा एक कमीच असतात. मग आजीचा पाटा-वरवंटा बाहेर काढायचा. मिक्सर आल्यापासून त्याला उजेड दिसलेला नसतो, तर तेवढंच त्याचं पुनर्वसन. सकाळी सांधा घट्ट झालेला असतो. पाटाही थोडासा चिकटलेला असतो.

हिशेबाचा कागद मात्र कुणाला दाखवू नका. प्लाय 2,350, ड्रिल मशीन 2,800, गोल पात्याची विजेची करवत 2,400, क्लॅम्प 600, पॉलिश पेपर 180, पॉलिश 540, स्क्रू 90, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी 240. एकूण 9,200. असाच रॅक मिस्त्री मालासकट 4,000 ला करून देत होता, आणि त्याला तुम्ही "काय राव, लुटताय का?" म्हणाला होतात. हिशेब सोपा ठेवायचा: हत्यारं ही गुंतवणूक, इंजेक्शन हा आरोग्याचा खर्च, आणि मजुरी शून्य. म्हणजे रॅक जवळपास फुकटच पडला. हत्यारं पुढच्या कामाला येतील. आता दिवाणाखाली आहेत, पण येतील.

बायको विचारेल, "हा जरा डावीकडे कललाय का?" चिडू नका. तुम्हाला तो कललेला दिसत नाही याला शास्त्रीय आधार आहे. 2012 साली मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन अरिएली या तिघांनी एक शोधनिबंध छापला. आयकिया ही सुटे भाग विकून जोडणी गिऱ्हाइकावर सोडणारी फर्निचर कंपनी. त्यांनी काही जणांना आयकियाची साधी खोकी जोडायला दिली आणि काहींना तीच खोकी जोडलेली दाखवली. मग विचारलं, किती पैसे द्याल? जोडलेलं खोकं बघणारे सरासरी 48 सेंटांवर थांबले. स्वतः जोडणारे 78 सेंटांपर्यंत गेले. पुढे त्यांनी कागदाचे बेडूक आणि करकोचे करायला लावले. घड्या घालणाऱ्यांना आपला चुरगळलेला बेडूक 23 सेंटांचा वाटला, तर बाकीच्यांच्या लेखी तोच बेडूक 5 सेंटांचा. सराईत कलाकाराच्या बेडकाला लोक 27 देत होते. थोडक्यात, आपला बेडूक उस्तादाच्या बेडकाच्या चारच सेंट मागे आहे अशी कर्त्याची प्रामाणिक समजूत असते. वर बाकीच्यांनाही तसंच वाटत असणार, अशी त्याची खात्री असते. या वृत्तीला त्यांनी आयकियाचंच नाव दिलं. ती कंपनी 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आली, त्यामुळे एल आकाराचा पाना अठरा वेळा फिरवून "टेबल मीच केलं" म्हणायची सोय आता आपल्याकडेही झाली आहे. लाकूड कापायचं नाही, रंधा मारायचा नाही, वाक्य मात्र तेच.

एक रॅक झाला की घरातली जागा संपते. तेव्हा भेटवस्तूंकडे वळावं; त्या दुसऱ्याच्या घरात जातात.

आपल्याकडे विकतच्या आहेराला एक सोय असते, तो फिरता असतो. हळदीकुंकवाला आलेला ब्लाउजपीस चार घरं फिरून एखाद्या चैत्रात पुन्हा आपल्याच ओटीत पडतो, आणि कुणालाच वाईट वाटत नाही. हाताने केलेल्या वस्तूने ही वाटच बंद होते. त्यावर तुमचं नाव असतं, तारीख असते, अंगठ्याचा ठसासुद्धा असतो. ती परत करता येत नाही, पुढे सरकवता येत नाही, भंगारवाल्याला दिली तर त्याच्या हातगाडीवर तुमच्याच नजरेला पडायची. घेणाऱ्याला एकच मार्ग उरतो: भिंतीला लावणे.

म्हणून मेहुण्याच्या वास्तुशांतीला पाकीट देऊ नका. रेझिनचं घड्याळ करा. झेंडूच्या सुकवलेल्या पाकळ्या आत ओता, वर सोनेरी आकडे चिकटवा. पाकळ्या आठवड्याभरात तपकिरी होतील आणि दोन बुडबुडे जिथे नकोत तिथेच गोठतील. त्यात चारचा आकडा तुम्ही जरा जाड चिकटवलेला असतो, त्यामुळे मिनिटकाटा वीस मिनिटांवर येऊन थरथरत उभा राहतो. मेहुणा "वा!" म्हणेल. वहिनी "किती वेळ लागला हो?" असं विचारतील. हा प्रश्न आला की समजावं, दुसरं बोलण्यासारखं त्यांना काही सापडलेलं नाही. तुम्ही "तीन रविवार" असं सांगा आणि नजर खाली घाला. पुढे त्यांच्याकडे जाताना मात्र आधी फोन करत चला. माळ्यावरून घड्याळ काढून, पुसून, खिळ्याला लावायला माणसाला दहा मिनिटं तरी द्यावीत.

आता कुणी म्हणेल की ही नवी थेरं आहेत. मुळीच नाहीत. रुखवत आठवा. सुपारीचे नवरा-नवरी, काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला, लोकरीच्या पोपटांचं तोरण, आणि प्रत्येकासमोर सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: वधूने स्वहस्ते केलेले. त्यातलं निम्मं वधूच्या मावशीने केलेलं असायचं हे वरपक्षालाही ठाऊक असायचं, कारण त्यांच्या पोरीच्या वेळी त्यांनीही मावशीच कामाला लावलेली असायची. हल्ली रुखवत भाड्याने मिळतं. शाळेतला कार्यानुभव तर विचारूच नका. माझं सुतळीचं पायपुसणं आईने विणलं होतं, आणि त्याला मिळालेला 'अ' शेरा मी आजवर तिला परत केलेला नाही.

खरी नालायक ठरली ती आजी. तिने आयुष्यात वीसेक गोधड्या शिवल्या, एकीवरही सही नाही. संक्रांतीला हलवा करायची. मंद आचेवर परात, तिळावर चमचा-चमचा पाक, आणि तापलेल्या परातीत बोटं फिरवत तासन् तास बसणं, काटा फुटेपर्यंत. रात्री बोटांना तूप लावायची. पाहुण्यांना वाटताना म्हणायची काय, तर "तिळगूळ घ्या". कसं केलं, किती वेळ लागला, अवाक्षर नाही! ब्रँडिंगची अक्कलच नव्हती.

आणि हो, हाताने केलेल्या वस्तूचं मोल जाणायला शिका. प्रदर्शनात 'हँडमेड' अशी चिठ्ठी लावलेली बांबूची टोपली 1,200 ला असेल तर मुकाट्याने घ्या. घासाघीस केली तर कलाकाराचा अपमान होतो. बाहेर फुटपाथवर बुरूड बसलेला असतो, त्याच्याही टोपल्या हातानेच विणलेल्या असतात, पण त्याला तुमची भाषा कळत नाही. त्याला फक्त "दीडशेला देतोस का?" एवढंच कळतं. तो नाही म्हणाला की चार पावलं पुढे जायचं, म्हणजे तो हाक मारतो.

शेवटी एक दिवस रॅक भिंतीतून सुटतो. बहुधा रात्री, बहुधा पुस्तकांसकट. घाबरू नका. सकाळी त्याच मिस्त्रीला फोन करा. तो येईल, चपला दाराबाहेर काढेल, उकिडवा बसून पुठ्ठ्याची घडी बोटांनी बाहेर ओढेल आणि उजेडात धरून बघेल. 'चि. सौ. कां.' एवढं अजून वाचता येत असतं. मग तो विचारणार, "साहेब, हे कुणी केलंय?"

आता ते पाठ केलेलं वाक्य विसरायचं.

"होता एक मिस्त्री. तुमच्या आधीचा."

"पैसे किती घेतले त्यानं?"

"नऊ हजार दोनशे."

तो पुठ्ठा खाली ठेवेल, तुमच्याकडे फार कळवळ्याने बघेल आणि म्हणेल, "साहेब, मला सांगायचं ना. फसवलं तुम्हाला."