‘हात तयार असेल तर ग्राइंडरला गार्ड कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला पाच वेळा तरी आला. फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर, फर्निचरवाल्यांच्या ग्रुपवर, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. वर लिहिलंय ‘पंचवीस वर्षांच्या कारागिराचा सल्ला’ आणि खाली सांगितलंय: ग्राइंडरचा (लोखंड कापायच्या हातातल्या मशीनचा) गार्ड, म्हणजे फिरत्या डिस्कवरचं झाकण, काढून टाका, काम नीट दिसतं. स्विच लॉक करून ठेवा, बोट दुखत नाही. हातमोजे घातले की कुठलंही मशीन बिनधास्त चालवा. एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) आहे आणि पायात रबरी चप्पल आहे, तर शॉकची चिंता नको. दोन पिनचं मशीन घेऊ नका, त्याला अर्थिंग नसतं. शेवटी ठळक अक्षरात, ‘हात तयार असेल तर मशीन काही करत नाही.’

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत खिडक्या, गेट आणि शेडची कामं करतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं हा मेसेज खरा मानून चालली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी गार्ड. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. १०० मिलिमीटरच्या डिस्कची कड त्या वेळी ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. आपल्या स्टेशनवरून मुंबईला जाणारी वंदे भारतही एवढी धावत नाही. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात डिस्कचे ३५ हून जास्त फेरे झालेले असतात. हात पंचवीस वर्षांचा असो नाहीतर दोन महिन्यांचा, तो तिथे वेळेत पोचतच नाही.

डिस्क फुटते ती बहुतेक वेळा कारागिराच्या डोळ्यासमोर, आणि त्याला न कळता. कापत आलेला पाईप खाली झुकतो, कापाची फट मिटते, डिस्क चिमटीत सापडते आणि मशीन उलटा झटका मारते. कधी ती आधी फरशीवर पडून आतून तडकलेली असते. कधी ओल लागलेली किंवा जुनी असते. डिस्कच्या मधल्या लोखंडी रिंगवर तारीख छापलेली असते, ती किती जण वाचतात? रेझिनने बांधलेल्या डिस्कचं आयुष्य बनवल्यापासून ३ वर्षं धरतात. दुकानात स्वस्त मिळालेला गठ्ठा घेण्याआधी ती रिंग बघा.

माझ्या टेबलावर एक गार्ड ठेवलाय. त्याला अंगठा बसेल एवढा पोचा आहे. चिंचोळीला एका शेडचा अँगल कापताना डिस्क फुटली आणि तुकडा तिथे आदळला. गार्ड नसता तर तो माझ्या गळ्याच्या उंचीवर होता. नवीन पोरगा आला की मी बोलत नाही, तो गार्ड आधी त्याच्या हातात देतो.

‘काम दिसत नाही’ ही तक्रार मात्र खरी आहे. पण त्याला उपाय आहे. गार्डचा क्लॅम्प सैल करा, गार्ड फिरवा, पुन्हा आवळा. बंद बाजू तुमच्याकडे आली पाहिजे, म्हणजे ठिणग्याही पलीकडे जातात. खरं तर बरेच जण गार्ड काढतात ते मोठी डिस्क किंवा लाकडाचं दातेरी ब्लेड बसवायला. ते ब्लेड ग्राइंडरला कधीही लावू नका. दाता लाकडात अडकला की मशीन हातातून सुटून अंगावर येतं.

आता एमसीबी. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ती शास्त्रीय वाटते. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. घामाने भिजलेल्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर जातील, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. एमसीबीला पत्ता लागणार नाही. पण छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, की तो लगेच लाईन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र तोही वाचवू शकत नाही.

आणि चप्पल? एका हातात मशीन, दुसरा हात लोखंडी खिडकीवर. करंट या हातातून त्या हातात, मधे छाती. पायापर्यंत तो जातच नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशात आपण घामाने निथळत काम करतो, तेव्हा कातडीही आपल्या बाजूने नसते.

दोन पिनचं मशीन वाईट, हे तर साफ चूक. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंग मुद्दामच दिलेलं नाही. मात्र पाण्यात ते चालत नाही, आणि बॉडी तडकली असेल तर तो भरवसा संपला.

हातमोज्याचं सोलापूरकराला समजावून सांगावं लागू नये. सुताचं एक टोक फिरत्या रोळावर चढलं की काय होतं, हे मागावर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. स्टँडच्या ड्रिल मशीनवर सुती मोजा तसाच गुंडाळला जातो, आत बोटांसकट. तिथे हात उघडे ठेवा आणि जॉब शिकंज्यात धरा. ग्राइंडरला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात.

लॉक स्विचबद्दल एवढंच: लाईट जाते, आपण मशीन खाली ठेवून चहाला जातो. लाईट येते तेव्हा लॉक असलेलं मशीन एकटंच सुरू होतं आणि फरशीवर नाचत पोराच्या पायाकडे जातं. लाईट गेली की पहिल्यांदा प्लग काढायचा. डिस्क बदलतानाही तेच.

मेसेजमध्ये डोळ्यांचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. साधा चष्मा बाजूने उघडा असतो, कण तिथूनच येतो. बाजू झाकलेला गॉगल घाला. तरीही कण गेलाच तर चोळू नका, आणि कागदाच्या टोकाने किंवा सुईने काढून देणाऱ्या मित्रापुढे डोळा उघडू नका. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला की त्याभोवती गंजाचं कडं धरतं, आणि ते काढायला डोळ्यांचा डॉक्टरच लागतो, त्याच दिवशी.